पायाच्या नसा ब्लॉक असल्या तर कॅन्सर पण होतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या पायाच्या नसेत, म्हणजे धमनीत, ब्लॉकेज निघालं आणि तेव्हापासून शेजारचे काका "आता कॅन्सरही होणार" म्हणून घाबरवतायत. नाही हो, ब्लॉकेजमधून काही गाठ तयार होत नाही. पण दोन्ही दुखणी बरेचदा एकाच कारणानं येतात, आणि हे मी माझ्या घरात बघितलंय.

माझे बाबा नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या दुकानात हिशेब लिहायचे, चाळीस वर्षं बिडी आणि खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला). चालताना पोटरी भरून यायची, दोनशे पावलं झाली की थांबायचे, आम्हाला वाटायचं वय झालं. डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केल्यावर कळलं की मांडीतली धमनी जवळपास बंद. स्टेंट टाकला, बिडी सुटली, पण खर्रा चालूच, "याचा काय धूर निघते का" म्हणायचे आणि आम्ही पण ऐकून घेतलं, याचं मला आजही वाईट वाटतं. वर्षभरात सावजी रस्सा ओरपणाऱ्या माणसाला साध्या वरणाची फोडणी झोंबायला लागली, गालाच्या आत पांढरा चट्टा, आणि तोंडात तीन बोटं उभी जाईनात. बायोप्सीत कॅन्सरच निघाला. लवकर सापडला म्हणून ऑपरेशननं भागलं.

तंबाखूनं धमनीचं आतलं अस्तर खराब होतं, तिथे चरबी साचते, आणि तोच तंबाखू पेशींचा डीएनए पण बिघडवतो. खर्ऱ्यातली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, तिच्यानं गालाची आतली कातडी कडक होते, तिथला रक्तपुरवठा घटतो, म्हणून ती पांढरी दिसते आणि तोंड उघडत नाही. लठ्ठपणा आणि शुगरचंही तसंच, शरीरात आतल्या आत सूज राहते, ती नसांनाही बाधते आणि काही कॅन्सरनाही वाव देते.

२०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन हॉस्पिटलमध्ये स्तनात गाठ असलेल्या उंदरांच्या मागच्या पायाचा रक्तपुरवठा कमी करून बघितला, तर गाठी दुप्पट वेगानं वाढल्या, कारण अस्थिमज्जेतून (हाडांच्या आतल्या मगजातून) गाठीशी लढणाऱ्या पेशी कमी आणि त्या लढणाऱ्या पेशींना दाबणाऱ्या जास्त यायला लागल्या. पण हे उंदरांमधलं आहे, त्यावरून बाबांचं भविष्य काढू नका.

एक वेगळी गोष्ट, पाय अचानक एकाच बाजूनं सुजला आणि शिरेत (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नसेत) गुठळी निघाली, मार नाही, प्रवास नाही, ऑपरेशन नाही, तर डॉक्टरला विचारा, कारण कधी कधी लपलेल्या कॅन्सरची ती पहिली खूण असते. ही शिरेतली गुठळी, तुमच्या बाबांचं धमनीचं दुखणं वेगळं.

आता घरी एवढं करा, महिन्यातून एकदा उजेडात बसवून मोबाईलच्या टॉर्चनं गाल, जिभेखाली, हिरड्यांमागे बघा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर मलम लावत बसू नका, दाखवा. गोळ्या बंद करू नका, आणि डॉक्टर हो म्हणाले असतील तर रोज चालवा, पोटरी दुखली की थांबायचं, मग परत चालायचं.

बाबा बिडी-खर्रा घेतात का ते तुम्ही लिहिलंच नाही, ते आधी सांगा.