बापाचा पट्टा आणि खजिन्यातली प्लस वन तलवार

टेबलवरच्या रोलप्लेइंग गेम्सबद्दल (प्रत्येकाने एक कॅरेक्टर म्हणजे पात्र घेऊन फाशांनी खेळायची गोष्ट) वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं. यावेळी आलेली सगळी पत्रं हत्यारांबद्दलच आहेत.

प्रश्न : दादा, आम्ही इंदिरानगरचे पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, डीएम म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा मी. एका मैत्रिणीचं कॅरेक्टर लोहाराची पोरगी आहे, बाप वारलाय, त्याने स्वतःच्या हातासाठी घडवलेला दांडपट्टा ती वापरते. चार-पाच महिने तिने तो जीव लावून खेळला, लढाई संपली की पट्टा पुसणार, त्याच्याशी बोलणार. मग सहाव्या लेव्हलला मी खजिन्यात एक प्लस वन तलवार ठेवली आणि तिने पट्टा गुपचूप पोत्यात टाकला. विचारलं तर म्हणे काय करू, आकडे तलवारीचेच चांगलेत. चुकलं कोणाचं? आणि हत्याराशी नातं जोडायचा काही रूल असतो का?

उत्तर : तिचं अजिबात चुकलं नाही, आणि तुम्ही हे विचारताय म्हणजे तुम्हालाही ते टोचलंय. प्लस वन म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर लागायची शक्यता ५ टक्क्यांनी वाढते, तेवढ्यासाठी कोणी बापाची वस्तू टाकत नाही. खरी अडचण वेगळी आहे. २०१४ च्या पुस्तकात मधल्या लेव्हलपासून असे बरेच राक्षस येतात ज्यांना साध्या हत्याराचा मार निम्माच लागतो, आणि वेअरवुल्फला तर जादू नसलेल्या, चांदी न चढवलेल्या हत्याराने काहीच होत नाही. म्हणजे पट्टा जवळ ठेवायचा तर तिने मित्र मरताना बघत बसायचं. ही निवड तिच्यावर रूल्सनी लादली, तिने मनाने केलेली नाही.

म्हणून पहिलं काम हे की सहाव्या लेव्हलपर्यंत पट्टा जादूचा धरायचा, प्लस वन न देता. यात बॅलन्स बिघडत नाही, मंकच्या, म्हणजे नुसत्या हातापायांनी लढणाऱ्या कॅरेक्टरच्या, हातापायांचा मारसुद्धा सहाव्या लेव्हललाच जादूचा धरला जातो, मग लोहाराच्या पोरीच्या पट्ट्याने काय घोडं मारलंय?

पण तो आपोआप होऊ देऊ नका, खेळातून होऊ द्या. पट्ट्याला साधी मूठ नसते, हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो. बापाने स्वतःच्या हाताच्या मापाने केलाय ना? मग पोरीला तो सैल होणार! तिला विचारा, आत कशाचं अस्तर लावलंस? आईच्या लुगड्याचं? मेलेल्या सोबत्याच्या शेल्याचं? ती जे सांगेल ते लिहून ठेवा आणि ज्या रात्री ती बसून ते शिवते त्या रात्रीपासून पट्टा जादूचा. नात्याचा पहिला टप्पा हाच, मालकाने हत्यारावर स्वतःच्या हाताने काहीतरी करणं.

दुसरा टप्पा नववी-दहावी लेव्हल, तिथे प्लस वन. त्यासाठी तिला पट्ट्याबद्दल आधी माहीत नसलेली एक गोष्ट शोधावी लागेल, लोखंड कुठून आलं, बापाने हा विकायला का नकार दिला, असं काहीतरी. ही कल्पना माझी नाही. १९९३ साली आलेल्या अर्थडॉन गेममध्ये हत्याराशी धागा विणायचा असतो, आणि पुढची ताकद हवी असेल तर पॉइंट खर्च करायचेच, शिवाय त्या हत्याराचं नाव, घडवणारा, इतिहास हे खेळात शोधून काढायचं. मी बघितलेल्या रूल्समध्ये मला हा सगळ्यात सुंदर वाटतो कारण त्यात माणूस हत्याराला ओळखायला लागतो. आपल्याकडे हे नवीन नाहीच, वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या अठरा हातांकडे बघताना आई सांगते ना, त्रिशूळ शंकराने दिला, चक्र विष्णूने, वज्र इंद्राने. धार किती हे कोणी सांगत नाही, कोणी दिलं ते सांगतात.

तिसरा टप्पा तेराव्या-चौदाव्या लेव्हलच्या आसपास, आणि तो तिच्यावर सोडा. दिवसातून एकदा फक्त याच पट्ट्याने होईल अशी एक गोष्ट तिने सुचवायची, तुम्ही आकडे लावायचे.

एक चूक मात्र टाळा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात, २००५ साली, वारशाच्या हत्यारांवर एक अख्खं पुस्तक आलं होतं. हत्यार लेव्हलबरोबर वाढायचं ही कल्पना छान, पण किंमत म्हणून कॅरेक्टरचे हिट पॉइंट म्हणजे जीव कमी, हल्ल्यात वजाबाकी, कुठे स्किल पॉइंट कमी, वर विधीला सोनं. आमच्या टेबलवर एकाने आजोबांचा भाला त्या रूल्सनी घेतला होता आणि तिसऱ्या महिन्यात त्याला त्या भाल्याचा राग यायला लागला, कारण प्रत्येक रोलला तो भाला त्याच्याकडून काहीतरी कापून घ्यायचा. नात्याने मागावं जरूर, पण वेळ मागावा, एखादा अवघड निर्णय मागावा, पट्टा गहाण ठेवून सोबत्याला सोडवायचं की नाही असा. कॅरेक्टर शीटवरचे आकडे कापू नका.

आणि हो, बाकी चौघांनाही एकेक वस्तू निवडू द्या, विझार्डला त्याची वही, कोणाला ढाल. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसरं पत्र येईल!

प्रश्न : अट्यूनमेंट, म्हणजे जादूच्या वस्तूशी जुळवून घ्यायचा पुस्तकातला रूल, हेच नाही का? मग वेगळा रूल कशाला?

उत्तर : नाही. अट्यूनमेंट ही मर्यादा आहे, एका वेळी जास्तीत जास्त ३ वस्तू, छोट्या विश्रांतीत वस्तू घेऊन बसलं की झालं. कालच सापडलेल्या अंगठीशी आणि बापाच्या पट्ट्याशी तेवढ्याच वेळात तेवढंच नातं जुळतं. मी आपुलकीचं हत्यार त्या तिनात मोजत नाही.

प्रश्न : मी कॉलेज रोडला हॉस्टेलला राहते. आमच्या डीएमने माझं कॅरेक्टर झोपलेलं असताना तिची तलवार चोरीला नेली, ना फाशाचा रोल ना काही. त्या तलवारीची मूठ मी पहिल्या दिवशी चित्र काढून डिझाइन केली होती. पुढचे तीन सेशन मी नुसती बसून होते. मी जास्त मनाला लावून घेतेय का?

उत्तर : नाही गं. जी वस्तू तू स्वतः चित्र काढून घडवलीस ती तुझ्या कॅरेक्टरचा अवयव आहे आणि न विचारता, रोल न देता ती काढून घेणं मला चूक वाटतं, कथेसाठी असलं तरी. डंजन वर्ल्ड नावाच्या गेममध्ये फायटर पहिल्याच सेशनला आपलं खास हत्यार ठरवतो, दिसतं कसं, पल्ला किती, त्यात काय खास, आणि ते त्याच्या क्लासचा म्हणजे कॅरेक्टरच्या पेशाचा भागच असतं, इतर ताकदींसारखं.

तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत असाल तर त्यातच उपाय आहे. फायटरमधला एल्ड्रिच नाइट तिसऱ्या लेव्हलला एका तासाच्या विधीने हत्याराशी बंध जोडतो, असे दोन हत्यारांपर्यंत. तो शुद्धीत आहे तोवर त्याच्या हातातून ते कोणी पाडू शकत नाही आणि त्याच विश्वात कुठेही असलं तरी बोनस अॅक्शनला, म्हणजे पाळीतल्या जादा हालचालीत, हातात परत येतं. हे वाचलं की मला आपला विटा आठवतो, मराठ्यांचा तो भाला ज्याला दोरी बांधलेली असायची, फेकला की दोरी ओढून परत हातात. बंध म्हणजे शब्दशः तेच.

तुझा क्लास वेगळा असेल तर डीएमला हे सुचव : तलवार जाऊ शकते, पण आधी तुला विचारून, आणि ती कुठल्या दिशेला आहे हे तुझ्या कॅरेक्टरला कायम जाणवतं. मग चोरी झाली तरी तुला करायला काम उरतं, तीन सेशन बसून राहावं लागत नाही. सरळ बोल त्याच्याशी, खेळाच्या आधी, सगळ्यांसमोर नको.

प्रश्न : नातं तुटायचा रूल असावा का?

उत्तर : असावा, पण क्वचित वापरायचा. महाभारतात कृष्ण गेल्यावर अर्जुनाला गांडीवाची प्रत्यंचासुद्धा मोठ्या कष्टाने चढवता येते, अस्त्रं आठवत नाहीत, आणि शेवटी अग्नी येऊन ते धनुष्य वरुणाला परत द्यायला लावतो. हत्यार तेच, हातही तेच, पण ज्यासाठी ते मिळालं होतं ते काम संपलंय. तुटायचंच असेल तर असं तुटावं, कॅरेक्टरचं काम संपल्यावर, आणि परत कोणाला द्यायचं ते खेळाडूने ठरवावं. फासा वाईट पडला म्हणून कधीच नाही.

प्रश्न : पंचवटीतला आमचा ग्रुप खंडेनवमीला सेशन ठेवतोय. काही खास करता येईल?

उत्तर : वा! त्या दिवशी गावात लोहार, सुतार, गॅरेजवाले सगळे आपापल्या हत्यारांना हळदकुंकू लावतात, तर कॅरेक्टरनाही लावू द्या. लढाई न ठेवता पहिला अर्धा तास प्रत्येकाने आपलं हत्यार समोर ठेवून त्यावरचा एक ओरखडा दाखवायचा आणि तो कोणत्या सेशनचा ते सांगायचं. डीएमने वही घेऊन बसा, पुढच्या वर्षभराचे टप्पे तिथेच मिळतील. आणि फाशांनाही कुंकवाचं बोट लावा, फक्त आकडे झाकू नका.