मेण लावूनही बोट पुन्हा निस्तेज का होते?

प्रश्न : आमच्याकडे फायबरग्लासची गडद निळ्या रंगाची १२ वर्षे जुनी बोट आहे. तिच्या बाजू पांढरट पडल्यामुळे गेल्या मोसमात ती स्वच्छ धुऊन आम्ही मेणाचे दोन हात दिले. आठवडाभर ती नव्यासारखी दिसली, मग पुन्हा पूर्ववत झाली. आमचे काय चुकले? आणि या कामासाठी यंत्र वापरावे का?

उत्तर : आपल्या मेहनतीत उणीव नाही. मधली एक पायरी राहून गेली आहे. आपण ज्याला निळा रंग म्हणता तो वरून मारलेला रंग नसून जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर आहे. बोट साच्यात घडवताना हा थर आधी फवारतात आणि त्याच्यावर काचतंतू व रेझिन चढवतात, त्यामुळे जो पृष्ठभाग आपल्याला सर्वांत बाहेर दिसतो तो प्रत्यक्षात सर्वांत आधी तयार झालेला असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. उन्हातील अतिनील किरणांमुळे वरचे रेझिन हळूहळू विघटित होते आणि त्याची भुकटी होऊ लागते. कोरड्या बाजूवर अंगठा जोराने घासून पाहावा, खडूसारखी पूड लागली तर निदान पक्के झाले. त्याच जागी पाण्याचा हात फिरवल्यास निळा रंग एकदम गडद दिसतो आणि पाणी वाळताच पुन्हा फिका पडतो, कारण पाण्याने पृष्ठभागावरचा सूक्ष्म खडबडीतपणा तेवढ्यापुरता भरून निघतो. आपल्या मेणाने आठवडाभर नेमके हेच केले. मेण हे संरक्षण आहे, ते मेलेला थर काढत नाही. तो काढण्याचे काम अपघर्षक कण असलेल्या कंपाऊंडचे आणि त्यानंतर पॉलिशचे आहे.

सुरुवात गोड्या पाण्याने आणि बोटीसाठीच्या सौम्य साबणाने, वरून खाली धुण्यापासून करावी. पाण्याच्या रेषेलगतचे पिवळट-तपकिरी डाग साबणाने जात नाहीत, त्यांना ऑक्झॅलिक आम्ल असलेले क्लीनर लागते. ते मात्र खालून वर लावावे, म्हणजे कोरड्या भागावर ओघळांच्या रेघा उमटत नाहीत, आणि थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. हातमोजे आणि चष्मा आवश्यक आहेत. हे क्लीनर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. धुणे झाल्यावर जुने मेण काढण्याच्या द्रावणाने पुसून घ्यावे, नाहीतर कंपाऊंडचा पॅड चिकट होऊन नुसता घसरत राहतो. अॅसिटोन वापरत असाल, तर अॅक्रिलिकच्या खिडक्यांवर त्याचा थेंबही पडू देऊ नये, त्याने बारीक तडे जातात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घासून काढलेला जेलकोट परत येत नाही, म्हणून सर्वांत सौम्य उपायाने सुरुवात करून, जिथे काम भागेल तिथेच थांबावे. मागच्या बाजूला फूटभर चौरस जागा निवडून तिथे आधी नुसते पॉलिश करून पाहावे. पांढरटपणा राहिला तर बारीक कंपाऊंड, मग जाड कंपाऊंड, आणि त्यानेही भागले नाही तरच १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा. मला भेटलेले बहुतेक हौशी मालक थेट पेपरपासून सुरुवात करतात, आणि पुढच्या अनेक वर्षांची चमक पहिल्याच दुपारी घासून टाकतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यंत्र जरूर वापरावे, कारण एवढी मोठी बाजू हाताने एकसारखी निघत नाही. नवशिक्याने एका जागी फिरणाऱ्या बफिंग मशिनऐवजी दुहेरी गतीचे, म्हणजे फिरता फिरता डुलणारे मशिन घ्यावे, त्यामुळे एकाच ठिकाणी उष्णता साचत नाही. काम सावलीत करावे आणि एका वेळी दोन फूट चौरसच जागा हाती घ्यावी. पॅड सपाट टेकवून सतत सरकता ठेवावा आणि मधूनमधून पृष्ठभागाला हाताची मागची बाजू लावून पाहावी; चटका जाणवला तर तिथून पुढे सरकावे. पॅड निळा होईल, त्याने घाबरून जाऊ नये, जेलकोटवर वेगळा पारदर्शक थर नसल्यामुळे रंग निघणारच. कडा आणि कोपरे यांवर मात्र मास्किंग टेप लावून ते भाग नंतर हाताने करावेत.

काम पुरे झाले की नाही हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. सेंटिमीटरची पट्टी बाजूला काटकोनात टेकवून तिच्या प्रतिबिंबातले आकडे किती दूरपर्यंत वाचता येतात ते पाहावे. आधीच्या जागेपेक्षा आकडे स्पष्ट आणि लांबवर दिसू लागले की पॉलिशचे काम झाले. त्यानंतर मेणाचा पातळ हात द्यावा, तो सुकून धुरकट झाला की मऊ कापडाने पुसावा आणि हवा तर दुसरा द्यावा. गडद रंग ऊन जास्त शोषतो, म्हणून आपण वर्षातून किमान दोनदा मेण लावावे.

प्रश्न : डेकचा खडबडीत भाग काळवंडला आहे. त्यालाही मेण लावले तर मळ कमी बसेल का?

उत्तर : मळ कमी बसेल, पण पाय घसरेल. तो भाग खडबडीत ठेवलेला आहे तो पकडीसाठीच. तिथे मध्यम कडक ब्रश आणि साबण पुरेसा आहे. साबण पाच मिनिटे भिजू द्यावा आणि ब्रश दोन्ही दिशांनी फिरवावा, म्हणजे खाचांतला मळ सुटतो.

प्रश्न : पॉलिश करताना एका कडेला कापडाच्या विणीसारखी नक्षी दिसू लागली आहे. आणखी पॉलिश केल्यास ती जाईल का?

उत्तर : जाणार नाही, उलट वाढेल, म्हणून तिथे मशिन ताबडतोब थांबवावे. जेलकोट संपून खालचे काचतंतू दिसू लागले आहेत. ते उघडे राहिले तर आत पाणी मुरू शकते, तेव्हा ती जागा द्रावणाने पुसून, कोरडी करून, रंगाला जुळणारा जेलकोट भरावा. साधा जेलकोट हवेच्या संपर्कात वरून चिकट राहतो, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणून त्यात मेण मिसळलेला प्रकार घ्यावा किंवा भरलेल्या जागेवर प्लास्टिकची पातळ फिल्म हवा न राहता चिकटवावी. तो पूर्ण कडक झाल्यावरच बारीक पेपरने समतल करावा, आणि यावेळी कडेवर मशिन न नेता हातानेच पॉलिश करावे.