कंजंक्शनचे (जोडशब्दांचे) प्रकार पाठ करूनही पोरगी इंग्लिशमध्ये का अडते?

दहावीचं वर्ष लागलं की सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा हा प्रश्न ठरलेलाच, बाकी विषयात बरं असलेलं पोरगं इंग्लिश ग्रामर म्हटलं की हातपाय का गाळतं. तासगावकडची एक आई लेकीला घेऊन आली होती, द्राक्षबागायतदार घर. "रात्री उशिरापर्यंत कंजंक्शन पाठ करतीय ओ मॅडम, आणि पेपरात भोपळा. अभ्यास करतीय का ढोंग, काय कळंना."

पोरीला म्हटलं, पाठ केलेलं म्हणून दाखव. तर घडाघडा म्हटली की! कोऑर्डिनेटिंगमध्ये (बरोबरीचे तुकडे जोडणारे) फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो, सबऑर्डिनेटिंगमध्ये (एक तुकडा दुसऱ्यावर अवलंबून ठेवणारे) बिकॉज, इफ, ऑलदो, अनलेस, कोरिलेटिव्हमध्ये (जोडीनं येणारे) आयदर-ऑर, नायदर-नॉर. म्हणजे पाठांतराचं घोडं कुठंच अडलं नव्हतं. वही उघडली तर लाल रेघा सगळ्या एकाच जातीच्या, 'ऑलदो ही वॉज इल, बट ही वेंट टू स्कूल'. मराठीत आपण 'जरी आजारी होता तरी' असं दोन्हीकडं टाका घालतो, हात तसाच वळतो, इंग्लिशला मात्र एकच टाका चालतो, ऑलदो ठेवा नाहीतर बट. बिकॉज आणि सोचंही तेच. ही चूक ढ पोरांची नव्हे, हे मी मुद्दाम आईसमोरच सांगितलं, कारण घरात 'ढ' हा शब्द बऱ्याचदा निघाला असणार हे दिसतच होतं.

मग प्रकारांची यादी बाजूला ठेवली. जोडशब्दासकट तुकडा एकटाच म्हणून बघ म्हटलं. 'बिकॉज इट रेन्ड' एवढं बोलून कुणी गप्प बसलं तर आपण विचारणारच, बरं मग? असं लटकत राहिलं की सबऑर्डिनेटिंग, आणि असा लटकता तुकडा असलेलं पूर्ण वाक्य कॉम्प्लेक्स. दोन्ही वाक्यं बरोबरीची असली, मधे अँड-बट आलं, की कंपाउंड. नायदर आलं की नॉर हवंच, ती जोडीची जात वेगळी.

आईला सांगितलं, रात्रीचं पाठांतर बंद, तुम्ही घरातलं एखादं वाक्य मराठीत सांगायचं, हिनं इंग्लिशमध्ये लिहायचं. "मला कुठं येतंय इंग्लिश?" म्हटल्या. म्हटलं ताई, मराठी येतंय तेवढं बास. तिथंच त्या म्हणाल्या, "जरी पाऊस पडला तरी बाबांनी औषध मारलं." पोरीनं ऑलदो लिहिलं, बट लिहिलं, थांबली आणि बट स्वतःच खोडलं. अनलेस मात्र अजून अडतंय, त्याच्या अर्थातच 'नॉट' आधीच असतो तरी ही पुढं डोन्ट घालतेच, त्याला अजून थोडे दिवस लागतील.