नाशिक महापालिकेत काय मंजूर होतं ते सामान्य माणसाला आधी कसं कळेल?

तुमचं म्हणणं असं की निर्णय झाल्याचं थेट बिल हातात आल्यावरच कळतं. बरोबर आहे. पण त्याआधी विषय बराच फिरलेला असतो, आणि तिथेच त्याला गाठायचं.

मागे आमच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर 'पाणीपट्टी वाढली' म्हणून एक फोटो फिरला. शेजारच्या काकू तावातावाने मोबाइल घेऊन घरी आल्या. फोटो मोठा करून पाहिला, तर ते विषयपत्रिकेचं, म्हणजे सभेपुढे येणाऱ्या विषयांच्या यादीचं पान. शेवटची ओळ : 'सदर प्रस्ताव मा. महासभेच्या मान्यतेसाठी सादर.' म्हणजे वाढ झालीच नव्हती, विषय फक्त महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे ठेवला होता. काकूंना म्हटलं, भांडायचं तर आत्ता भांडा, नंतर उपयोग नाही.

ही भाषा दहा-बारा शब्दांत उलगडते. 'तहकूब' म्हणजे पुढे ढकललं. 'दप्तरी दाखल' म्हणजे विषय गुंडाळला. 'कार्योत्तर मंजुरी' दिसली की समजा काम होऊन गेलंय, आता कागद जुळवताहेत. 'जादा विषय' मात्र नीट वाचा. ऐनवेळी घुसवलेलं तिथेच सापडतं. आणि उपविधी, म्हणजे महापालिकेचा स्वतःचा नियम असेल तर महासभेने हात वर केल्याने भागत नाही, राज्य सरकारची मान्यता लागते. उलट, मंजूर झालेला ठराव सरकार महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली विखंडित, म्हणजे रद्दही करू शकतं.

घरपट्टीसाठी फेब्रुवारीत कान उघडे ठेवा. १९४९ च्या महापालिका अधिनियमात पुढच्या वर्षाचे करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे आहेत. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर प्रशासकाच्या काळात महासभा आणि स्थायी समिती (नगरसेवकांची छोटी समिती) या दोन्हींचे अधिकार एकाच टेबलावर, प्रशासकाकडे होते, तेव्हा हे पाहणं जास्तच अवघड गेलं.

विषयपत्रिका आणि इतिवृत्त (सभेत काय झालं त्याची नोंद) नगरसचिवांकडे, म्हणजे सभांचं कामकाज पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे असतं, शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की झालं, उत्तराला तीस दिवस.

हे सगळं जमत नसेल तर निदान वर्तमानपत्रातल्या 'हरकती व सूचना' एवढ्या जाहिराती तरी वाचा. तपोवनात कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामसाठी झाडं तोडायचा विषय अशाच नोटिशीमुळे लोकांना कळला आणि हरकतींचा पाऊस पडला. झाडांच्या नोटिशीला मुदत सात दिवसांचीच असते, त्यातला रविवार धरून. हरकत लेखी द्या, दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.