बोली आणि बोलणी : विकासक 'नेमला' की 'निवडला'?

कॅलिफोर्नियातल्या कॉनकर्ड शहरात राहणाऱ्या एका वाचकताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांच्या गावाला लागून अमेरिकी नौदलाची प्रचंड मोठी जमीन आहे. नौदल तिथून निघून गेलं आहे, आता तिथे नवं उपनगर वसवायचं आहे, आणि ते कोणत्या कंपनीकडून वसवून घ्यायचं हे ठरवण्यात नगरपरिषदेची अनेक वर्षं गेली आहेत. तिथल्या मराठी मंडळींसाठी ताई यावर लेख लिहीत आहेत. मथळा त्यांनी असा योजला आहे : 'माजी लष्करी तळाच्या पुनर्विकासासाठी महाविकासकाची नियुक्ती'. त्यांचं विचारणं असं, की 'मास्टर डेव्हलपर'साठी 'महाविकासक' चालेल का, आणि बाकी मथळा ठीक आहे ना?

'महाविकासक' मला पटत नाही; का ते पुढे सांगतो. पण त्याहून मोठी अडचण आहे ती 'नियुक्ती'ची. मथळ्यातले बाकीचे शब्द बदलले तर भाषा सुधारेल. हा बदलला नाही तर बातमीच चुकेल. म्हणून आधी त्याच्याकडे वळतो, आणि त्यासाठी कॉनकर्डमध्ये काय घडलं ते थोडक्यात सांगावं लागेल.

२००५ साली अमेरिकेने देशभरातले अनेक तळ बंद करायचे ठरवले. कॉनकर्ड नेव्हल वेपन्स स्टेशनचा आतला, सुमारे ५,००० एकरांचा भाग त्या यादीत होता. खाडीकाठचा भाग सैन्याने मालवाहतुकीसाठी ठेवून घेतला. आतल्या जमिनीचा आराखडा शहराने २०१२ मध्ये मंजूर केला. त्यात निम्म्याहून जास्त जमीन उद्यानासाठी आणि मोकळी ठेवायची, उरलेल्या सुमारे २,३०० एकरांवर १२,००० हून अधिक घरं, शिवाय कचेऱ्या आणि दुकानं. घरांपैकी चौथा हिस्सा कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडेल असा असावा ही अटही होती. मग विकासकाचा शोध सुरू झाला. शेवटी कॅटेलस आणि लेनार या दोन कंपन्या उरल्या, कॅटेलसने माघार घेतली आणि २०१६ मध्ये परिषदेने लेनारला पसंती दिली. बांधकाम कामगारांच्या संघटनांशी करायच्या करारावर एकमत होईना, आणि मार्च २०२० मध्ये लेनारची मुदत संपली. २०२१ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी कॉनकर्ड फर्स्ट पार्टनर्स या गटाची निवड झाली. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्याशी पुढे जायला परिषदेने नकार दिला. त्याच वर्षी ब्रुकफील्डची निवड झाली.

हे सगळं 'नियुक्ती' या शब्दात मांडून पाहा. लेनारची नियुक्ती, मग दुसऱ्यांची नियुक्ती, मग तिसऱ्यांची. मराठी वाचकाला वाटेल, पहिल्याने काम सुरू केलं, ते जमलं नाही म्हणून त्याला काढलं, मग दुसरा आणला. प्रत्यक्षात पहिल्या दोघांच्या हाती एक गुंठाही जमीन आली नव्हती. 'नेमणे' म्हटलं की माणसाला पद मिळतं, अधिकार मिळतो आणि तो त्या दिवसापासून कामाला लागतो. इथे कंपनीला मिळालं ते एवढंच, की ठरलेल्या मुदतीत शहर फक्त तिच्याशी बोलेल, दुसऱ्या कुणाशी नाही. त्या मुदतीत जमिनीची किंमत, रस्ते आणि जलवाहिन्यांचा खर्च, शाळा, बागा, स्वस्त घरांचं प्रमाण, कामगारांच्या अटी हे सारं एका मसुद्यात बसवायचं. मसुदा परिषदेने मान्य केला तर पुढचे करार. तोवर दोघंही मोकळे.

यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द तयार आहे : बोलणी. तिकडच्या कागदांतल्या लांबलचक नावाच्या कराराला 'एकट्याशीच बोलणी करण्याचा करार' म्हणा, कुणालाही कळेल. 'वाटाघाटी' चूक नाही, पण वाटाघाटी म्हटलं की दोन देश किंवा संप करणारी संघटना आणि मालक डोळ्यांसमोर येतात. त्यात आधीचं भांडण गृहीत असतं. बोलणी दोन अनोळखी पक्षांत, चांगल्या हेतूने, काही जुळवायचं म्हणून सुरू होतात. आपल्याकडे स्थळ पसंत पडलं की बोलणी सुरू होतात, आणि बोलणी सुरू असताना दुसरं स्थळ पाहत नाहीत. तरी लग्न ठरलं असं कुणी म्हणत नाही. कॉनकर्डच्या परिषदेने तीनदा केलं ते हेच. म्हणून 'निवड' लिहा, 'पसंती' लिहा, 'बोलणीसाठी निवड' लिहिलंत तर सर्वांत चांगलं. आणि २०२० बद्दल 'करार रद्द केला' असं लिहू नका. मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. 'बोलणी फिसकटली' हे दोन्ही वेळेला शोभेल.

'बोलणी' हा शब्द मी इतका लावून धरतो आहे, कारण त्याच्या शेजारीच 'बोली' आहे. दोन्ही 'बोलणे'पासूनच आले, आणि लष्कराची जमीन देण्याच्या दोन निराळ्या पद्धती या दोन शब्दांनी नेमक्या वेगळ्या दाखवता येतात. कॅलिफोर्नियातच, दक्षिणेला अर्व्हाइन शहराजवळ, एल टोरो नावाचा मरीन सैनिकांचा हवाई तळ होता. तो १९९९ मध्ये बंद झाला. तिथली सुमारे ३,७०० एकर जमीन नौदलाने २००५ मध्ये इंटरनेटवर लिलाव करून विकली. सुमारे ६५ कोटी डॉलरची बोली लावून ती कुणी घेतली, तर लेनारच्याच गटाने. म्हणजे एकाच कंपनीने एके ठिकाणी बोली जिंकली आणि दुसरीकडे ती बोलणी पुरी करू शकली नाही. पहिल्या प्रकारात विकणारा पैसा पाहतो आणि हातोडा पडताच व्यवहार पक्का होतो. दुसऱ्यात शहर माणसं पाहतं, अनुभव पाहतं, अटी पाहतं, आणि किंमत हा त्यातला एक विषय असतो. मराठी बातमीत दोन्हींना सरसकट 'टेंडर लागलं' म्हणतात, त्याने हा सगळा फरक पुसला जातो. निविदा हा आणखी तिसराच प्रकार : काम सरकारचं, पैसे सरकारचे, आणि साधारणपणे सगळ्यात कमी मागणाऱ्याला काम. कॉनकर्डमध्ये पैसे घालायचे आहेत कंपनीला. म्हणून 'ठेका', 'कंत्राट', 'ठेकेदार' हेही शब्द टाळा.

मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या मनात मात्र निविदाच येणार, हे लक्षात ठेवून लिहायला हवं. आपल्या गृहनिर्माण संस्था विकासक निवडतात ते सहकारी संस्था कायद्याच्या ७९अ कलमाखालच्या निर्देशांनुसार. आधी २००९ चे, मग २०१९ मध्ये सुधारलेले. त्यात निविदा मागवायच्या, तुलना करायची, सर्वसाधारण सभेत निबंधक कार्यालयाच्या अधिकाऱ्यासमोर निवड करायची. त्यामुळे 'पुनर्विकास' या शब्दालाही आपल्याकडे एक ठरलेला रंग चढला आहे : जुनी इमारत पाडणार, सभासदांना भाडं मिळणार, मग वाढीव चटईक्षेत्राची नवी घरं. कॉनकर्डच्या जमिनीवर सभासद नाहीत आणि पाडण्याजोगी वस्तीही नाही. गवताळ टेकड्या आहेत आणि त्यांत दारूगोळा साठवण्यासाठी मातीखाली बांधलेली कोठारं आहेत. अमेरिकी कायद्याची भाषा इथे 'पुनर्वापर' म्हणते, पण मराठीत पुनर्वापर सांडपाण्याचा आणि प्लास्टिकचा होतो, जमिनीचा तो कानाला बरा लागत नाही.

माझी शिफारस 'वसवणे' या क्रियापदाची आहे. ते आपल्या इतिहासातून आलेलं आहे. ओसाड गाव पुन्हा नांदतं करायचं असलं की सरकार कौल द्यायचं. येऊन राहणाऱ्याला पहिली वर्षं सारा हलका, मग दरसाल थोडा चढता. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. पुण्यात नवी पेठ बसवायची तर शेटे-महाजनांना हक्क आणि मान देऊन त्यांच्यामार्फत व्यापारी, कारागीर आणून वसवत. सरकारने जमीन आणि सवलत द्यायची, मधल्या माणसाने मांडणी करून लोक आणायचे, आणि घर ज्याने त्याने बांधायचं. कॉनकर्डची योजना या घडणीच्या बरीच जवळची आहे, आणि म्हणूनच 'नौदलाच्या जुन्या जमिनीवर नवं उपनगर वसवणार' हे वाक्य मराठीत सहज उतरतं. मथळ्यात 'पुनर्विकास' ठेवायचाच असेल तर ठेवा, पण पहिल्या परिच्छेदात 'वसवणे' येऊ द्या, म्हणजे वाचक पाडापाडीच्या वाटेने जाणार नाही.

आता 'मास्टर डेव्हलपर'. हा मधला माणूस घरं बांधतोच असं नाही. तो शहराकडून टप्प्याटप्प्याने जमीन घेतो, रस्ते, गटारं, पाणी, वीज यांची सोय करतो, भूखंड पाडतो आणि त्यातले बरेचसे वेगवेगळ्या बांधकाम कंपन्यांना विकतो. म्हणून 'बिल्डर' चूक. आपण 'बिल्डर' आणि 'विकासक' हे एकाच अर्थाने वापरतो, पण इथे ते दोन वेगळे लोक आहेत. महारेराच्या मराठी कागदांत 'प्रवर्तक' हा शब्द येतो, तो कायद्याच्या व्याख्येपुरता ठीक. लेखात तो वाचकाला थबकवेल. 'महाविकासक' वाचणाऱ्याला आज पहिल्यांदा आघाडीच आठवेल, आणि शिवाय 'महा' आकार दाखवतं, भूमिका दाखवत नाही. 'प्रमुख विकासक' लिहिलंत तर 'मोठ्या विकासकांपैकी एक' असा अर्थ निघतो, जसं आपण 'शहरातले प्रमुख डॉक्टर' म्हणतो. 'मुख्य विकासक' यात मात्र इतर त्याच्या हाताखाली किंवा त्याच्यामार्फत आहेत हे आपोआप येतं. मी हाच वापरेन. जाता जाता, काहीजण 'विकसक' लिहितात. पच्-पाचक, पठ्-पाठक या चालीवर कस् धातूपासून 'विकासक' हेच रूप नियमाचं आहे.

'माजी' माणसांना लावतो, पदावरून उतरलेल्यांना : माजी मुख्यमंत्री, माजी सैनिक, माजी विद्यार्थी. तळाला 'जुना', 'पूर्वीचा' किंवा सरळ 'बंद झालेला' म्हणावं.

'लष्करी' मात्र इथे बदलाच. मराठीत लष्कर म्हणजे मुख्यत्वे भूदल, आणि ही जागा नौदलाची. 'तळ' चालेल, तळ ठोकणे आणि तळ हलवणे यांत तो तात्पुरता वाटला तरी हवाई तळ, नौदल तळ हे आता पक्के रुळले आहेत. 'छावणी' नको, कारण छावणीत सैनिक राहतात, आणि आपल्याकडे तो शब्द देवळाली-कामठीसारख्या कॅन्टोन्मेंटांशी जोडलेला आहे. त्यांच्या कारभारी मंडळाला तर आपण 'कटक मंडळ' असा जुना, सुंदर शब्द ठेवला आहे. कॉनकर्डची जागा मुळात शस्त्रास्त्रं साठवायची आणि जहाजांवर चढवायची. किल्ले फिरलेल्या प्रत्येक मराठी माणसाला 'दारूकोठार' माहीत असतं. लेखाच्या आत एकदा तरी 'नौदलाचं दारूकोठार' असं लिहा, म्हणजे जागा कसली होती ते दोन शब्दांत कळेल.

आणि हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण या जमिनीतल्या उद्यानाचं नाव त्यावरून पडलं आहे. १७ जुलै १९४४ रोजी तिथल्या पोर्ट शिकागो धक्क्यावर दारूगोळा चढवताना स्फोट झाला, ३२० माणसं मेली, त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीय. त्यानंतर तेच काम पुन्हा त्याच धोक्यात करायला नकार देणाऱ्यांपैकी ५० जणांना नौदलाने दोषी ठरवलं. ८० वर्षांनी, २०२४ मध्ये, नौदलानेच त्यांना दोषमुक्त केलं. उद्यानाच्या नावात त्या पन्नास जणांचा उल्लेख आहे, आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिलेले वकील थरगूड मार्शल यांचंही नाव आहे. त्या खटल्यातला आरोप 'बंड' असा होता; तो शब्द तुमच्या लेखात आरोपाचा म्हणूनच यावा, तुमच्या निवेदनात 'कामाला नकार' म्हणा.

मथळा मग असा होईल : 'नौदलाच्या बंद तळावर नवं उपनगर : मुख्य विकासक म्हणून ब्रुकफील्डची निवड'. खाली पहिल्याच ओळीत सांगा, की ही निवड बोलणी करण्यासाठी आहे. क्षेत्रफळ एकरातच ठेवा, हेक्टर करू नका. २,३०० एकर म्हटलं की गावाकडच्या वाचकालाही त्याचा पसारा लगेच समजतो.