अमेरिकेत दारूचा विषय राज्यांचा, तरी पिण्याचं वय सगळीकडे २१ कसं?

मला विचारलेल्या या प्रश्नाचा दुसरा भाग असा होता की केंद्राचे अधिकार समजून घ्यायला अमेरिकेची राज्यघटना कुठून वाचावी. त्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे वयाचं कोडं आपोआप उलगडेल.

प्रस्तावना तूर्त बाजूला ठेवा आणि थेट कलम १, उपकलम ८ उघडा. तिथे १८ नोंदी आहेत: कर, कर्ज, राज्याराज्यांमधला व्यापार, नाणी, टपाल, युद्ध वगैरे. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रत्येक कायद्याला घटनेत आधार दाखवावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो इथलाच असतो. आपण भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या तीन याद्या (केंद्राची, राज्यांची आणि सामाईक) डोक्यात ठेवून वाचतो आणि फसतो. अमेरिकेत राज्यांची यादीच नाही. केंद्राला न दिलेलं आणि राज्यांना मनाई नसलेलं ते राज्यांचं किंवा जनतेचं (दहावी दुरुस्ती, १७९१). आपल्याकडे उलट, उरलेलं केंद्राचं. आपल्या संसदेने कायदा करून १९६० साली मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात केले. तिथे त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय काँग्रेसला असं करता येत नाही.

शेवटची, १८वी नोंद जपून वाचा. ‘आवश्यक आणि योग्य’ कायदे करण्याची ती मुभा स्वतंत्र अधिकार नाही, इतर अधिकार राबवण्याचं साधन आहे.

खरा पसारा वाढला तो व्यापाराच्या नोंदीतून. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला केंद्राच्या कायद्यानुसार ११.१ एकर गव्हाची परवानगी होती, त्याने २३ एकर पेरला. जादा निघालेल्या २३९ बुशेलवर (बुशेल हे धान्याचं माप) प्रत्येकी ४९ सेंटप्रमाणे ११७ डॉलर ११ सेंट दंड लागला. घरच्या जनावरांना आणि पिठाला वापरलेला गहू राज्याबाहेर जातो कुठे? सुप्रीम कोर्ट १९४२ मध्ये म्हणालं, सगळ्यांनीच असं केलं तर देशभरच्या बाजारावर परिणाम होतोच. मला हा निकाल फार ताणलेला वाटतो, पण तो आजही कायम आहे. लगाम बसला थेट १९९५ साली: शाळेजवळ बंदूक बाळगणं हा व्यापार नाही, म्हणून त्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा रद्द झाला.

आता वय. १९८४ च्या कायद्याने काँग्रेसने कोणालाही हुकूम सोडला नाही. वय २१ न करणाऱ्या राज्याच्या महामार्ग निधीला कात्री लागेल, एवढंच म्हटलं. साउथ डकोटात १९ वर्षांच्या मुलांना सौम्य बिअर मिळत असे. ते राज्य कोर्टात गेलं आणि १९८७ साली हरलं. पणाला लागलेली रक्कम निधीच्या पाच टक्के होती, म्हणजे राज्याला नाही म्हणता येत होतं. २०१२ मध्ये मात्र मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) विस्तार नाकारणाऱ्या राज्यांचं त्या योजनेचं सगळंच अनुदान बंद करण्याची तरतूद कोर्टाने सक्ती ठरवली.

पैशाचं आमिष चालतं, राज्याच्या अधिकाऱ्यांना कामाला जुंपणं चालत नाही. बंदूक घेणाऱ्यांची पार्श्वभूमी स्थानिक शेरीफनी (तिथल्या पोलीस प्रमुखांनी) तपासावी, ही सक्ती १९९७ मध्ये याच कारणाने गेली. काही राज्यांनी मोकळ्या केलेल्या गांजाचा घोळही इथलाच: केंद्राची बंदी वैध आहे, पण ती राबवायला राज्याच्या पोलिसांना भाग पाडता येत नाही.