जायचं कोणी ठरवलं होतं?

"मी निघून आले आणि मागे घर विस्कटलं. चुकलं का हो माझं?" शब्द थोडेफार बदलतात, पण समुपदेशन करताना हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. शिक्षणासाठी गेलेले, नोकरीसाठी गेलेले, लग्नानंतर देश बदललेले, सगळेच तो विचारतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ३०.४ कोटी माणसं जन्मदेशाबाहेर राहत होती. देशातल्या देशात स्थलांतर केलेले त्यात नाहीतच. किती घरांत ही टोचणी असेल!

एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. परदेशात येऊन बारा वर्षं झालेली, आई-वडील थकलेले, धाकटा भाऊ त्यांच्याजवळ. पहिल्या तीन भेटींत एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं, "मी स्वार्थी निघाले." त्यांच्या वयाची बहुतेक मुलं गाव सोडून गेली, शाळेतले वर्ग रोडावले, त्याचाही दोष त्या स्वतःच्याच माथी घेत होत्या.

चौथ्या भेटीत मी विचारलं, "जायचं कोणी ठरवलं?"

"मीच."

"तिकिटाचे पैसे?"

"बाबांनी दिले."

"बॅग कोणी भरली?"

त्या थांबल्या. "मी भरली होती. आईने रात्री सगळी उपसून परत भरली. झाकणाला आतून कागद चिकटवला, त्यावर आमच्या घरचा पत्ता. म्हणाली, हरवली तर इथे परत येईल. तो कागद अजून आहे, मॅडम. पिवळा पडलाय, एक कोपरा सुटलाय."

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो. मी मुद्दामच बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आहेत. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे ते सगळेच होते त्यात."

मी प्रश्नाकडे नेहमी अख्ख्या कुटुंबाच्या बाजूने पाहते, म्हणून हे वाक्य मला मोलाचं वाटलं. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये स्थलांतराची कारणं मांडली, त्यात नव्या जागेची ओढ आहे, जुन्या जागेची ढकल आहे आणि मधले अडथळेही आहेत. अपराधी मनाला फक्त ओढ आठवते. ढकल ते विसरून जातं. पुढे १९८५ मध्ये अर्थतज्ज्ञ ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी मांडलं की जाण्याचा निर्णय बरेचदा घराचा असतो. एकीकडची कमाई बुडाली तर दुसरीकडची हाताशी राहावी, म्हणून घर एकाला बाहेर पाठवतं.

त्या रात्री ताईंनी आईला फोनवर विचारलं, "मला जाऊ का दिलंस?" आई म्हणाली, "अगं, जाऊ कुठे दिलं? पाठवलं तुला."

ही टोचणी घेऊन येणाऱ्यांना मी आधी हेच करायला सांगते: निर्णयाची गोष्ट घरच्यांच्या तोंडून ऐका. एवढ्याने सगळं हलकं होत नाही, कारण अपराधीपणाच्या खाली बहुधा दुःख दडलेलं असतं. माणसं हयात आहेत, पडद्यावर दिसतात, पण हाताला लागत नाहीत. कुटुंबांसोबत काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी अशा संदिग्ध वियोगावर आयुष्यभर काम केलं. त्याला ना निरोप असतो ना सांत्वन. म्हणून रडू आलं तर रडा. ते चुकीची कबुली म्हणून घेऊ नका.

आणि मागे राहिलेलं गाव तुम्ही निघालात त्या दिवशी थांबलेलं नाही. तुमच्याकडून तिथे पैसे जातात, तशी मतं, सवयी, मुलींनी किती शिकावं याच्या कल्पनाही जातात. समाजशास्त्रज्ञ पेगी लेव्हिट यांनी १९९८ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे. रोजच्या फोनवर "सगळं ठीक ना?" एवढंच विचारू नका. औषधांचा हिशेब, डॉक्टरांशी बोलणं असं लांबून होणारं एखादं काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. जवळ राहिलेल्या भावंडाला राग येत असेल, तर तो ऐकून घ्या. त्यानेही काहीतरी सोडलेलं असतं.

गेल्या भेटीत ताई आल्या त्या जरा तावातावानेच. भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं, बारा वर्षांत पहिल्यांदा. "तो म्हणाला, तू सुटलीस. दर वेळी मी माफी मागते, या वेळी नाही मागितली," त्या म्हणाल्या. "विचारलं, तुला काय करायचं होतं रे तेव्हा? तासभर बोलत होता."